३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालेले विधेयक कायदा का झाले नाही?

प्रश्न एका निवृत्त गृहस्थांचा आहे. त्यांचा मुलगा आणि सून अमेरिकेत नोकरी करतात आणि दोघेही ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. ते विचारतात: रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढून टाकणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही ते कोणाचीही हरकत न येता संमत केले, तरी त्याचा कायदा झाला नाही. मग ते अडवले कोणी? पक्षांनी, मतदारांनी, माध्यमांनी की दबावगटांनी? आणि या चौघांपैकी अमेरिकेचे सरकार खरोखर कोण चालवते?

स्थलांतर धोरणाच्या कामात मी वॉशिंग्टनमध्ये बरीच वर्षे घालवली आहेत आणि हे विधेयक जवळून पाहिले आहे. माझे उत्तर असे की त्यात चौघांचाही हात होता, आणि चौघांपैकी कोणालाही त्यासाठी फार जोर लावावा लागला नाही. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी सत्ता मुद्दाम विभागून ठेवली. त्यामुळे एखादी गोष्ट घडवून आणायची तर प्रतिनिधीगृह, सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष यांची एकाच मजकुरावर, काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) त्याच दोन वर्षांच्या मुदतीत संमती लागते. अडवायची तर यांपैकी एका ठिकाणी, योग्य वेळी, थोडी माणसे पुरतात. पक्ष, मतदार, माध्यमे आणि दबावगट यांचे बळ मोजताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो. ज्याला फक्त थांबवायचे आहे त्याचे थोडेसे बळही पुष्कळ ठरते.

आधी मूळ नियम पाहू. १९९० च्या स्थलांतर कायद्याने रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या साधारण १ लाख ४० हजार ठरवली आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातील ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, अशी मर्यादा घातली. या संख्येत अर्जदाराबरोबर त्याचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला चार कार्डे लागतात. मर्यादा जन्मदेशावर असल्याने भारत आणि आइसलंड यांच्या वाट्याला सारखीच टक्केवारी येते. इतर देशांची न वापरलेली कार्डे काही प्रमाणात भारतीयांकडे वळतात, पण मागणी इतकी मोठी आहे की आज रांगेतल्या भारतीयांची संख्या, कुटुंबीय धरून, दहा लाखांच्या पुढे गेली आहे. रांगेत असतानाच मुले २१ वर्षांची झाली, की पालकांच्या अर्जातला त्यांचा हक्क बहुतेक वेळा संपतो आणि लहानपणापासून तिथेच वाढलेल्या मुलाला स्वतंत्र व्हिसा शोधावा लागतो. हे दुःख खरे आहे आणि ते मी जवळून पाहिले आहे.

आता पक्षांकडे वळू. भारतीय वाचकाची येथे सर्वांत मोठी गफलत होते, कारण आपल्या मनात पक्ष म्हणजे तिकीट देणारी आणि व्हिप काढणारी संघटना असते. आपल्याकडे दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षनेतृत्वाविरुद्ध मत दिल्याने कोणाची जागा जात नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उमेदवारी नेतृत्वाच्या हातात नसते. ती प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, सामान्य मतदार ठरवतात. या निवडणुकांत मतदान फार कमी होते आणि जे येतात ते बहुधा पक्षाचे सर्वांत कट्टर समर्थक असतात. बहुसंख्य मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की नोव्हेंबरची मुख्य निवडणूक औपचारिक उरते. तेथील प्रतिनिधीला भीती असते ती प्रायमरीची.

आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक व्यापक स्थलांतर विधेयक संमत केले होते. रोजगाराधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा रद्द करण्याची तरतूद त्यात होतीच, शिवाय जोडीदार व मुले यांना वार्षिक संख्येतून वगळण्याचीही होती. रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने त्यानंतर इतके चांगले विधेयक पुन्हा सिनेटच्या बाहेर आलेले नाही. प्रतिनिधीगृहात तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते आणि सभापती जॉन बेनर होते. डेमोक्रॅट सदस्य आणि काही रिपब्लिकन यांची बेरीज केली असती तर ते संमत होण्याची बरीच शक्यता होती, पण आपल्या पक्षातील बहुसंख्यांना मान्य नसलेले विधेयक सभागृहापुढे आणायचे नाही, या अलिखित प्रथेला धरून बेनर यांनी ते मतदानालाच येऊ दिले नाही. मग १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियातल्या एका प्रायमरीत प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर पडले. डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, कँटर यांच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैशांत, स्थलांतराचा मुद्दा लावून धरत त्यांना हरवले. मतदान झाले होते सुमारे ६५ हजार, आणि मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. त्या रात्रीनंतर स्थलांतराच्या बाबतीत पुढे होऊन हात घालायला बराच काळ कोणताही रिपब्लिकन नेता तयार नव्हता. एका मतदारसंघातल्या काही हजार मतांनी देशाचे धोरण गोठवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात कँटर यांच्या पराभवाला इतर कारणेही होती, स्वतःच्या मतदारसंघाशी तुटलेला संपर्क हे त्यांतले मोठे. परंतु राजकारणात पराभवाचा जो अर्थ लावला जातो तोच पुढे काम करतो.

प्रायमरीचे दुसरे, मराठी वाचकांना ओळखीचे उदाहरण बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदार यांचे आहे. २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातील डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले; डेट्रॉइटचा तो मतदारसंघ डेमोक्रॅट असल्याने पुढची निवडणूक अवघड नव्हती. त्यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर घातले होते, तर प्रतिस्पर्ध्यासाठी इस्रायलसमर्थक एआयपॅक या गटाशी संलग्न असलेल्या सुपर पॅकने, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करू शकणाऱ्या समितीने, ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने आणि त्याच वर्षीच्या आणखी एका अपील न्यायालयाच्या निकालाने अशा स्वतंत्र खर्चावरची मर्यादा उठली. थेट उमेदवाराला द्यायच्या देणगीवर मात्र ती अजून आहे. पैसा निर्णायक असतो असे मानणाऱ्यांनी कँटर आणि ही डेट्रॉइटची निवडणूक दोन्ही पाहाव्यात. पहिल्या ठिकाणी कँटर यांची मोठी थैली हरली; दुसऱ्या ठिकाणी सुपर पॅकची हरली, जरी तिथे जिंकणाऱ्याचीही थैली लहान नव्हती. पैशाने शर्यतीत उतरता येते आणि विरोधकाला घाबरवताही येते, पण मतदार आधीच एका दिशेने झुकलेला असेल तर त्याला वळवण्याची पैशाची ताकद सांगतात तेवढी नसते.

मतदारांविषयी मला जरा स्पष्ट बोलावे लागेल. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो पत्त्याचा किंवा पिन कोडचा. फोन घेणारी व्यक्ती बहुधा विशीतली असते, तिच्यासमोर संगणकावर एक नोंदपत्रक असते, आणि मतदारसंघाबाहेरचा फोन असेल तर सौजन्याने बोलणे होते पण नोंदीचे वजन जवळजवळ शून्य असते. रांगेतला एच-१बीधारक, म्हणजे कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस, मतदारसंघात राहतो, कर भरतो, त्याची मुले तिथल्या शाळेत जातात, तरी त्याला मत नाही. निवडणुकीत उमेदवाराला एक डॉलर देण्यालाही कायद्याने बंदी आहे. ती मुभा ग्रीन कार्ड मिळाल्यावर येते. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क मात्र त्याला आहे, म्हणून तो भेटू शकतो, पत्र देऊ शकतो, संघटना काढू शकतो. एएआरपी या ज्येष्ठांच्या संघटनेचे जवळपास ३ कोटी ८० लाख सभासद आहेत आणि ते नेमाने मतदान करतात, म्हणून सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाला, हात लावण्याचे धाडस दोन्ही पक्ष करत नाहीत. ज्यांचे मत नाही त्यांच्या प्रश्नासाठी असे धाडस कोणाला करावेही लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

यावर पुष्कळजण म्हणतात, की नागरिक झालेले भारतीय आहेत ना? आहेत, आणि चांगल्या संख्येने आहेत. पण त्यांचे स्वतःचे ग्रीन कार्ड कधीच हातात आलेले असते. २०२० मध्ये कार्नेगी संस्थेने केलेल्या भारतीय-अमेरिकन मतदारांच्या सर्वेक्षणात अर्थव्यवस्था आणि आरोग्यसेवा हे मुद्दे वर होते. स्थलांतर बरेच खाली होते. दिवाळीच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रतिनिधीसोबत छायाचित्र काढून घेणारे शेकडो असतात, आणि त्याला या विधेयकावर त्याची भूमिका काय ते विचारणारे दोन-तीन. हे मला मनापासून खटकते, कारण त्या मंडळींच्याच घरातली पुढची पिढी, भाचे-पुतणे, रांगेत उभे असतात.

दबावगटांचे काम कसे चालते ते या विधेयकाच्या सिनेटमधल्या प्रवासात स्वच्छ दिसते. वादग्रस्त नसलेली विधेयके सिनेटमध्ये बहुधा मतदानाशिवाय संमत होतात. नेतृत्वाकडून सर्व कार्यालयांना संदेश जातो, त्याला ‘हॉटलाइन’ म्हणतात. ठरावीक वेळेत कोणी हरकत कळवली नाही तर एक सदस्य जवळजवळ रिकाम्या सभागृहात उभा राहतो, विधेयक एकमताने संमत करण्याची विनंती करतो, आणि पीठासीन अधिकारी ‘कोणाची हरकत?’ असे विचारतो. शंभरांपैकी एकाने उठून ‘माझी हरकत आहे’ म्हटले की विषय तिथेच थांबतो. नियमित मार्गाने, म्हणजे चर्चा संपवण्यासाठी ६० मते जमवून, ते पुढे नेता येते, परंतु त्यात सभागृहाचे कित्येक दिवस जातात आणि नेतृत्व ते दिवस न्यायाधीशांच्या नेमणुका आणि अर्थसंकल्पासाठी राखून ठेवते.

हे विधेयक युटाचे रिपब्लिकन माइक ली आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट कमला हॅरिस यांनी मिळून पुढे आणले होते, म्हणजे पक्षभेद आड आलाच नव्हता. आड आले ते वेगळेच हितसंबंध. केंटकीचे रँड पॉल यांनी हरकत घेतली ती परिचारिकांसाठी. अमेरिकी रुग्णालये फिलिपिन्समधून परिचारिका आणतात, त्याही याच रोजगार-वर्गातून येतात, आणि मर्यादा उठली तर पहिली कित्येक वर्षे जवळपास सगळी कार्डे रांगेत पुढे असलेल्या भारतीयांना जातील, ही रुग्णालयांची चिंता होती. मजकुरात परिचारिकांसाठी काही कार्डे राखून ठेवल्यावर ती हरकत मिटली. मग जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू उठले, त्यांची समजूत निघाली. मग इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन यांची हरकत आली. इराणी-अमेरिकनांच्या संघटनांचा आणि स्थलांतर वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचा या मजकुराला विरोध होता, कारण ज्या देशांच्या लोकांना त्या घडीला फारशी वाट पाहावी लागत नव्हती त्यांना एकदम कित्येक वर्षांची रांग लागली असती. डर्बिन यांचे म्हणणे होते की रांगेतली माणसे पुढे-मागे करण्याऐवजी एकूण कार्डेच वाढवा, आणि तसे स्वतंत्र विधेयक त्यांनी मांडलेही.

आपल्याकडच्या चर्चांत डर्बिन यांना खलनायक ठरवले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. १ लाख ४० हजारांचा आकडा कायम ठेवून मर्यादा उठवली तर भारतीयांची अडचण दुसऱ्यांच्या माथी जाते, हा त्यांचा मुद्दा हिशेबाने खरा होता. पण आकडा वाढवायला रिपब्लिकन सदस्य तयार नव्हते, आणि आकडा न वाढवता केलेली न्याय्य वाटणी दुसऱ्या कोणावर तरी अन्याय करत होती. दबावगटांच्या राजकारणात अशी कोंडी नेहमीची असते: समोर ‘लॉबी’ नावाचा एकच राक्षस नसतो, लहान-मोठे दहा गट असतात आणि प्रत्येकाच्या गाऱ्हाण्यात काही तथ्य असते. आपल्या बाजूलाही गट होतेच. इमिग्रेशन व्हॉइससारखी रांगेतल्या लोकांनीच उभी केलेली संघटना होती, मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या. या संघटनांतर्फे सिनेटरच्या कार्यालयात भेटीला आलेल्या अर्जदारांना सिनेटरऐवजी त्यांचा एखादा तरुण साहाय्यक भेटतो, कधी कधी जागा नसल्याने बाहेरच्या मार्गिकेत उभ्यानेच बोलणे होते, आणि पंधरा मिनिटांनी निघताना हातात एक पानी टिपण द्यायचे असते. त्या पानावर राज्यातल्या एका रुग्णालयातला रांगेतला डॉक्टर असेल तर ते पान पुढे जाते. राष्ट्रीय आकडेवारी असेल तर बहुधा जात नाही.

डर्बिन यांच्याशी तडजोड झाली, त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये फ्लोरिडाचे रिक स्कॉट यांनी हरकत घेतली, आणि प्रत्येक तडजोडीगणिक मजकूर बदलत गेला. २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने जे संमत केले ते प्रतिनिधीगृहाने संमत केलेले विधेयक उरलेच नव्हते. त्यात एच-१बीधारकांना द्यायच्या कार्डांवर नव्या मर्यादा होत्या आणि चिनी कम्युनिस्ट पक्ष व लष्कराशी संबंधित व्यक्तींवर बंदी होती. प्रतिनिधीगृहातल्या मूळ प्रवर्तक झो लॉफग्रेन यांना हे बदल पटले नाहीत. एकमेकांशी जुळवून घ्यायला महिनाभर उरला होता. ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि दोन्ही विधेयके आपोआप संपली. म्हणून ३६५ विरुद्ध ६५ आणि ‘एकमताने’ हे दोन्ही शब्दप्रयोग खरे असले तरी ते दोन निरनिराळ्या मजकुरांबद्दलचे आहेत. २०२२ मध्ये लॉफग्रेन यांनी पुन्हा प्रयत्न केला, व्हाइट हाउसने पाठिंबा जाहीर केला, डिसेंबरमध्ये मतदान ठरले, आणि स्वतःच्याच पक्षात मते कमी पडताहेत असे दिसल्यावर ते मागे घेण्यात आले.

माध्यमे या सगळ्यात कुठे होती? बहुतेक काळ कुठेच नव्हती, आणि तोही एक प्रकारचा प्रभाव आहे. माध्यमे एखाद्या प्रश्नावर लोकांचे मत बदलतात त्यापेक्षा कोणता प्रश्न डोळ्यांपुढे राहील ते अधिक ठरवतात. ७ टक्क्यांचा नियम दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. सीमेवरचे कुंपण दाखवता येते. त्यामुळे ‘स्थलांतर’ म्हटले की दक्षिण सीमा, हे समीकरण पक्के झाले आणि कायदेशीर रांगेतला माणूस त्याच गाठोड्यात बांधला गेला. २००७ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन हे एकत्र येऊनही त्यांचे व्यापक विधेयक सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५३ मतांनी अडले. रेडिओवरचे पुराणमतवादी निवेदक कित्येक आठवडे त्याविरुद्ध बोलत होते, नंबर्सयूएसएसारखे स्थलांतर कमी करू पाहणारे गट श्रोत्यांना फोन करायला सांगत होते, आणि मतदानाच्या दिवशी, २८ जूनला, सिनेटची फोनव्यवस्था कोलमडली. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन घालणारा प्रसारणाचा जुना नियम १९८७ मध्ये रद्द झाला होता. त्यानंतर वाढलेल्या एकतर्फी रेडिओची ती ताकद होती. स्थानिक वृत्तपत्रे त्या काळापासून झपाट्याने बंद पडत गेली आहेत, आणि गावातल्या रुग्णालयातला डॉक्टर ग्रीन कार्डाअभावी अडकला आहे ही बातमी छापणारे तेच असायचे, हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र हा नियम अचानक गाजला. श्रीराम कृष्णन यांची ट्रम्प यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणासाठी सल्लागार म्हणून निवड केली. देशनिहाय मर्यादा काढण्याबाबत त्यांनी आधी केलेली एक टिप्पणी समाजमाध्यमांवर वर काढली गेली, आणि कुशल स्थलांतराच्या बाजूने एलॉन मस्क व विवेक रामस्वामी हे उद्योजक, विरोधात ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन व समाजमाध्यमांवरच्या कार्यकर्त्या लॉरा लूमर अशी ट्रम्पसमर्थकांतच जुंपली. इतकी वर्षे ज्या प्रश्नाला प्रसिद्धी मिळाली नव्हती त्याला ती मिळाली ती अशी, आणि तिच्यामुळे तो प्रश्न अधिक अवघड झाला. शांतपणे हॉटलाइनवरून जाऊ शकणारे विधेयक पक्षांतर्गत निष्ठेची कसोटी बनले, की पहिली दहशत प्रायमरीची असते आणि कँटर यांची आठवण अजून पुसलेली नाही.

काँग्रेस अडकली की सत्ता राष्ट्राध्यक्षांकडे आणि न्यायालयांकडे सरकते. एच-४ व्हिसावर आलेल्या, एच-१बीधारकांच्या काही जोडीदारांना काम करण्याची परवानगी २०१५ मध्ये ओबामा प्रशासनाने नियमाने दिली; ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढण्याची घोषणा झाली पण अंमल झाला नाही, आणि सेव्ह जॉब्स यूएसए या गटाने तिच्याविरुद्ध कित्येक वर्षे खटला चालवला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले आणि यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेने न्यायालय गाठले. गट तेच असतात, फक्त दरवाजा बदलतात. पण ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. ती कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या सहीने जाणार नाही.

आपल्या मुलाला आणि सुनेला एवढे सांगावे. ‘विधेयक सादर झाले’ या बातमीवर कोणताही निर्णय घेऊ नये. प्रत्येक काँग्रेसमध्ये दहा हजारांहून अधिक विधेयके सादर होतात आणि त्यांतली काही शेकडाच कायदा होतात. पाहायचे ते एवढेच, की दुसऱ्या सभागृहात तोच मजकूर कोणी मांडला आहे का, न्यायविषयक समितीने तो विचारात घेतला आहे का, आणि एकूण कार्डे वाढवण्याची तरतूद त्यात आहे का. ती नसेल तर वर सांगितलेल्या हरकती पुन्हा येणार. त्यांचे एखादे मूल एकविशीकडे चालले असेल तर वकिलाशी त्याच्या स्वतंत्र मार्गाबद्दल आताच बोलावे. आणि त्यांच्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात जाऊन आपले प्रकरण नोंदवावे. मत नसले तरी तिथले रहिवासी म्हणून अर्ज अडकल्यास चौकशी करून देण्याचे काम ते कार्यालय करते. जाताना नागरिक असलेला एखादा शेजारी किंवा त्यांचा वरिष्ठ सहकारी सोबत असावा, आणि पत्ता त्याने आधी सांगावा.